ड्रिलवाल्याची खोली

लग्न होऊन मी खाणीच्या लाइनीत, म्हणजे मजुरांच्या वस्तीत, राहायला आले, तेव्हा कितीतरी दिवस मी भासऱ्यांचा चेहरा पाहिलाच नव्हता. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर उभं राहायचं नसे. ते आले की पदर नाकापर्यंत ओढायचा, भिंतीला लागून उभं राहायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. काही सांगायचंच झालं तर जावेकडून, नाहीतर पुतणीकडून. त्यामुळे मला ठाऊक होते ते त्यांचे पाय. पदराखालून तेवढेच दिसत. रुंद, भेगा पडलेले आणि घोट्याच्या वरपर्यंत पांढरे.

लाइनीतली बाकी माणसं पाळी संपवून यायची ती काळी होऊन. कोळशाची खाण, काळी होणारच. भासरे आणि त्यांच्या गँगमधली पाच-सात माणसं तेवढी पांढरी होऊन यायची. पाठमोरे दिसले की मला वाटे, हे म्हातारे आहेत. नळाखाली आंघोळ करून उठले की केस काळेभोर.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. चांद्याचं नाव पुढं बदललं, तेव्हा त्याला चांदाच म्हणत. आमची खाण चांद्यापासून बैलगाडीच्या वाटेवर होती. कोळशाचा एक थर संपत आला होता आणि पुढचा गाठायचा तर मधला दगड फोडत जावं लागत होतं. त्यासाठी हवेवर चालणारी ड्रिल यंत्रं आली होती. दगडात भोक पाडायचं, त्यात बारूद भरायची, उडवायची, की पुन्हा पुढं भोक. हे काम सगळ्यांना जमत नसे. यंत्र पोटाला लावून रेटावं लागे. भासरे अंगानं दणकट, म्हणून त्यांना तिथं घेतलेलं. त्यांचा पगार लाइनीत सर्वांत जास्त, आणि पगारापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्यांना पक्की खोली मिळालेली. विटांच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं, पुढं पडवी. बाकीचे बहुतेक कुडाच्या झोपड्यांत. त्या एका खोलीत भासरे, जाऊ, त्यांची पोरगी आणि आम्ही दोघं राहत होतो. माझे मालक कोळशाच्या टबगाड्या ढकलायच्या कामावर होते.

माझं माहेर गोंडपिपरीकडचं, धान लावणाऱ्यांचं. मला विटांची भिंत म्हणजे श्रीमंती वाटली.

नळावर बाया जावेची थट्टा करत. "काऊन गं बाई, मालकानं चक्की घातली का? रोजच पिठात लोळून येतेत."

जाऊ कपडा आपटत म्हणायची, "जळा तुमी. असं पीठ तुमच्या मालकायच्या नशिबी नाई."

दर आठवड्याला त्या गँगला गुळाचा एकेक खडा वाटत. गूळ खाल्ला की छातीतली धूळ खाली उतरते, असं गँगचा सरदार सांगायचा. भासरे तो गूळ खात नसत, कागदात बांधून पोरीसाठी आणत. पोरगी तेव्हा लग्नाला आलेली, तरी बापानं आणलेला गूळ पडवीत बसून चाटत खायची.

विहीर उताराच्या खाली होती. नळाला पाणी नसलं की भासरे खांद्यावर कावड घेऊन विहिरीवर जात. बायांचं काम करतो म्हणून माणसं हसत, त्यांना त्याचं काही नव्हतं. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी पडवीतून पाहिलं, चढावर अर्ध्यात त्यांनी कावड खाली ठेवली आणि नदीकडं पाहत उभे राहिले. इरईच्या पात्रात पाहण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळानं कावड उचलून वर आले. पुढच्या वेळी पुन्हा थांबले, आणि या वेळी आधीच्या जागेच्याही खाली. थांबायची जागा हळूहळू विहिरीकडं सरकत गेली. मग एक दिवस पोरगीच कावड घेऊन निघाली. ती उतारावरून गेली तेव्हा जाऊ चुलीपुढं बसून उगाच राख उकरत राहिली, हे मी पाहिलं.

खोकला नंतर आला. कोरडा, खराट्यानं अंगण झाडल्यासारखा. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं लाल औषधाची बाटली भरून दिली आणि म्हणाला, बिडी सोडा.

"बिडी तर ओढतच नाई ते," जाऊ म्हणाली.

"मग तंबाखू सोडा."

"तेबी नाई खात."

"मग थंडी आहे बाई. जाईल."

त्यांच्या गँगमधला एक छत्तीसगढी आमच्या लाइनीच्या टोकाला राहायचा. दमा आहे म्हणून तो आपल्या मुलखात गेला आणि परत आला नाही. दुसरा सिरोंचाकडचा, तेलुगू बोलणारा. तो आता कामावर जात नव्हता. दिवसभर कडुनिंबाखाली खाटेवर बसलेला असे, पुढं वाकून, दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवून, एखादं ओझं उचलायच्या बेतात असल्यासारखा. श्वास घेताना त्याचे खांदे कानांपर्यंत वर जात. जाताना-येताना त्याची खाट वाटेतच लागे. आधी भासरे त्याच्याजवळ टेकत, दोन शब्द बोलत. मग मी पाहिलं की ते पांढरे पाय त्या वाटेनं येईनासे झाले. खाणीकडून येताना ते मागच्या नाल्याकडून वळसा घालून येत. थकलेला माणूस लांबची वाट धरून घरी येत होता.

पावसाळा सरल्यावर त्यांना चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरनं फोटो पाहून सांगितलं, टीबी आहे. दोन्ही बाजूंनी आहे.

हा शब्द आमच्या आधीच लाइनीत येऊन पोचला, तो कसा, मला आजवर कळलं नाही. आम्ही बैलगाडीतून उतरलो तेव्हा शेजारीण पडवीतलं आपलं जातं ओढून आत नेत होती. दुसऱ्या दिवशी नळावर जावेची घागर रांगेतून बाजूला काढून ठेवलेली. कोणी ठेवली विचारलं तर कोणीच नाही. नळावर रोज थट्टा करणाऱ्या बाया आता खाली मान घालून कपडे धूत होत्या. जावेनं आपली घागर उचलली आणि भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

घरातही ताट वेगळं झालं. डॉक्टरनंच सांगितलं होतं. पितळेचं ताट, पितळेचा पेला, पडवीच्या कोपऱ्यात खाट. पोरीनं तिकडं जायचं नाही, असं जावेनं बजावून ठेवलं. सुया सुरू झाल्या. टोचून टोचून कंबर दगडासारखी कडक झाली, पण खोकला होता तसाच. सुयांसाठी जावेच्या पायातले तोडे गेले, मग हातातले गोट गेले. चैत्रात महाकालीच्या जत्रेत ती दंडवत घालत गेली आणि गुडघे सोलून परत आली.

पोरीचं लग्न वरोऱ्याच्या एका घरी ठरलं होतं. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. चांगली माणसं होती. एक दिवस मुलाचा बाप एकटाच आला. जावेनं सतरंजी टाकली, तो पडवीच्या खालीच, उन्हात उभा राहिला. मी चहा नेऊन ठेवला. त्यानं कपाकडं पाहिलं, हात लावला नाही.

"मुलाचं मन नाई म्हणते," तो म्हणाला.

"काऊन? पोरीत काई खोट हाय का?" जावेनं विचारलं.

"पोरीत नाई बाई. पोरगी सोन्यासारखी." मग त्यानं कोपऱ्यातल्या खाटेकडं मान वळवली आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. "माह्या घरात पाच लेकरं हायेत. तुमीच सांगा, मी काय करू?"

खाटेवर भासरे बसले होते. ते सगळं ऐकत होते. खोकला येऊ नये म्हणून त्यांनी तोंडात पंच्याचा बोळा दाबून धरला होता. पाहुणा गेल्यावर त्यांनी तो काढला आणि कितीतरी वेळ खोकत राहिले. पोरगी आत धान निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

कंपनीनं आधी त्यांना बत्तीघरात बसवलं. पाळीला जाणाऱ्याला दिवा द्यायचा, येणाऱ्याचा घ्यायचा. पण खोकणाऱ्याच्या हातून दिवा घ्यायला माणसं कुरकुर करू लागली. उन्हाळ्यात त्यांना घरी बसवलं. तोवर जाऊ कोळशातले दगड वेचायच्या कामावर जाऊ लागली होती. पहाटे जायची, दुपार कलल्यावर यायची. ज्या बाईनं कधी लाइनीबाहेर काम केलं नव्हतं, तिच्या नखांत आता काळं बसलं ते निघेना.

मग एक दिवस ऑफिसचा माणूस दारात आला. ही खोली ड्रिलवाल्याची आहे, त्यानं सांगितलं. ड्रिलवाला कामावर नसेल तर खोली खाली करावी लागेल. तो वाईट माणूस नव्हता. जाता जाता माझ्या मालकांकडं पाहून म्हणाला, "तिथी माणूस पाहिजेच आहे. तू जात असशीन तर खोली राहून जाईल. घरातल्या घरात होऊन जाते."

मालकांनी भावाकडं पाहिलं. भासरे खाटेवर मान खाली घालून बसले होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

पुढच्या आठवड्यात माझे मालक पांढरे होऊन घरी आले.

दारातच ते हसले. "पाहून घे, म्हातारा नवरा." मी त्यांच्या अंगावरची बंडी घेतली आणि मागं धुवायला नेली. आजवर कोळशाचे कपडे धुतले होते. कोळशाचं पाणी काळं होतं, वाहून जातं, संपलं. हे कपडे घमेल्यात भिजवले तेव्हा पाणी आधी दुधासारखं झालं आणि मग हळूहळू निवळलं. पाणी ओतून दिलं तर तळाला रेती बसलेली. बोटांनी चोळून पाहिली. पिठासारखी बारीक, पण दाताखाली घेतली असती तर कचकचली असती. मी त्या घमेल्याशी बसूनच राहिले.

जाऊ कामावर, पोरगी सरपणाला गेलेली. घरात मी आणि पडवीत भासरे. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. जाऊ कामावर जायला लागल्यापासून त्यांना काढा मीच देत होते, पण तोही पेला उंबऱ्यावर ठेवून, दार वाजवून. त्या दिवशी मी घमेलं तसंच उचललं, पदर होता तिथंच राहू दिला, आणि त्यांच्या खाटेपुढं नेऊन ठेवलं.

"भाऊजी, हे काय आहे?"

ते दचकले. मी बोलले म्हणून, की घमेल्यातलं पाहून, देव जाणे. मी त्यांचा चेहरा जवळून पाहिला तो त्या दिवशी पहिल्यांदा. मालकांसारखंच नाक. गालाची हाडं वर आलेली.

"दगड हाय, माय," ते म्हणाले. शब्दा-शब्दाला थांबत होते. "तिथी पाणी मारत नाई. कोरडंच ड्रिल करतेत. समोरचा माणूस दिसत नाई एवढं उडते."

"मग तुमाले हेच झालं का?"

त्यांनी रेतीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "गँगमधले सारेच खोकून राह्यले. साऱ्यायलेच कसा टीबी होईन?"

"आन् तरी तुमी आपल्या भावाले जाऊ देल्लं?"

असं मी कुणालाच कधी बोलले नव्हते, भासऱ्यांना तर नाहीच. त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं, ते श्वासामुळं की कशामुळं, सांगता येत नाही.

"पोरगी हाय घरात," ते म्हणाले. "तिले घेऊन कुठी जाणार होतो मी? खोली जाईन म्हणून तोंड नाई उघडलं. त्याले काढ तिथून, माय. माह्यं नाव नको सांगू. तूच काढ."

मी नाव सांगितलं नाही, पण मालकांना म्हटलं, हे काम सोडा. माझे मामा वैनगंगेपल्याड, आलापल्लीच्या वाटेवरच्या एका जंगलगावात राहत होते. लाकडाच्या डेपोवर त्यांना माणसं लागत. तिकडं जाऊ, म्हटलं.

"आन् दादाले? वहिनीले? पोरीले?" मालक चिडले. "तिथी काय झाडाखाली निजवू यायले? दादानं मले लहानाचं मोठं केलं. आता त्याच्या डोक्यावरचं छप्पर काढू का?"

"आन् तुमाले झालं तर?"

"मले काई होत नाई. दादाचं अंग वेगळं, माहं वेगळं."

हेच बोलणं कितीदा झालं. पाऊस संपला, थंडी आली. मालकांच्या पापण्यांवरचं पांढरं मी ओल्या फडक्यानं पुसायची. ते सकाळी उठल्यावर मी स्वयंपाकाची भांडी वाजवायचं थांबवून कान देत असे. अजून काही नव्हतं. पण कडुनिंबाखालची खाट आता रिकामी झाली होती आणि ती कोणी उचलून नेत नव्हतं.

संक्रांत झाल्यावरची गोष्ट. मालक पाळीवर, जाऊ कोळशावर. मी नळावरून आले तर पडवीतली खाट रिकामी आणि दाराच्या खुंटीवरची कुलूपकिल्ली नाही. मी पोरीला हाक मारली, दोघी धावलो. ऑफिस लांब नव्हतं, लाइन संपली की मैदान आणि मैदानापलीकडं ऑफिस. मैदानाच्या मध्यावर भासरे जमिनीवर बसले होते. आम्हाला येताना पाहून त्यांनी हात वर केला, जवळ येऊ नका म्हणून. मग उठले. काही पावलं चालले, पुन्हा बसले. माणसं जाता-येता पाहत होती, कोणी जवळ येत नव्हतं. पोरगी रडायला लागली, मी तिचा हात धरून ठेवला. आम्ही दोघी त्यांच्या मागं मागं, दूर राहून, तशाच थांबत थांबत गेलो. ते ऑफिसच्या पायरीपर्यंत पोचले तेव्हा सूर्य चांगला वर आला होता.

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. आतला माणूस म्हणाला, "अरे, तुझा भाऊ आहे ना कामावर? खोली तुमच्याकडंच राहील."

"खोली माह्या नावावर हाय," भासरे म्हणाले. "मी सोडून राह्यलो. भाऊ आता ड्रिलवर येणार नाई."

दुपारी मालक परतले. त्यांना वाटेतच कळलं होतं. पडवीत येऊन भावापुढं उभे राहिले, अंगावर सगळं पांढरं तसंच. मला वाटलं, हात उचलतात की काय.

"दादा, हे काय केलं तुमी?"

"खोली गेली," भासरे म्हणाले. "आता तुले तिथी जायाचं कारण नाई राह्यलं."

"मले इचारलं असतं तर!"

"इचारलं असतं तर तू हो म्हटला असता का?"

जाऊ कामावरून आली, तिला सांगितलं तर तिनं आधी नवऱ्याला शिव्या दिल्या, मग कपाळ बडवून घेतलं, आणि शेवटी उठून भांडी बांधायला घेतली. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा मालक उठून दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

गाडी भरत होतो तेव्हाच नवी माणसं येऊन बाहेर थांबली होती. वरोऱ्याकडचाच एक तरुण, उंच, भरलेल्या दंडाचा, आणि त्याची बायको. तिला दिवस गेलेले. ती खोलीकडं अशा नजरेनं पाहत होती की मला माझं पहिलं पाऊल आठवलं. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "बाई, या कामावर जाऊ देऊ नको मालकाले. कोरडा दगड हाय तो. छातीत बसते."

तिनं मान हलवली, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. तिच्या मते मी खोली गेली म्हणून बोलत होते. मग तिची नजर गाडीतल्या भासऱ्यांकडं गेली आणि ती दोन पावलं मागं सरकली. "टीबी हाय ना त्यायले?" तिनं विचारलं. "आमी चुना मारून घेऊ भिंतीले."

गाडी निघाली. वैनगंगा डोंग्यातून ओलांडली. मामांच्या गावी कुडाच्या दोन झोपड्या उभ्या केल्या, पळसाची पानं वर टाकली. अर्धं गाव गोंड कुटुंबांचं, अर्धं आमच्यासारखं. मालक डेपोवर सागाचे ओंडके लोटू लागले. मिळकत खाणीच्या मानानं फारच थोडी. उन्हाळ्यात आम्ही बाया मोहफूल वेचत होतो, तेंदूची पानं तोडत होतो. जाऊ पानांच्या पत्रावळी लावून बाजारी न्यायची. काही दिवस गावात सगळे चांगले वागले. मग खाणीकडून आलेल्या एका गाडीवानानं टीबीचं सांगितलं आणि जावेच्या पत्रावळी कोणी घेईना. त्याच उन्हाळ्यात पोरीचं लग्न लावून दिलं. बिजवर, वयानं बापाहून थोडासाच लहान, दूरच्या गावचा. त्यानं काही विचारलं नाही म्हणून त्याला दिली.

भासरे तेंदूचा हंगाम संपायच्या आत गेले. बसल्या जागीच गेले. आडवं होणं त्यांना कधीचंच बंद झालं होतं.

तिरडी उचलायला मामांच्या घरचे सोडले तर आमच्या जातीचं कोणी आलं नाही. मामा, त्यांचा मुलगा, मालक आणि शेजारचे दोघं गोंड, एवढेच. त्या शेजाऱ्यांची म्हातारी आमच्या चुलीशी बसून राहिली, तिनं जावेला पेज पाजली. मी अंगणाच्या कुंपणाशी उभी होते. गावाबाहेरच्या मोहाच्या झाडापर्यंत तिरडी गेली आणि थांबली. मला वाटलं, विसावा द्यायचा असेल. पण विसाव्याची जागा पुढं होती. मालकांनी आपला खांदा मामांच्या मुलाला दिला, बाजूला झाले आणि वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उभे राहिले. कितीतरी वेळ. तिरडी पुढं निघून गेली तरी ते तसेच.

एक पावसाळा आणि एक हिवाळा, एवढंच ते ड्रिलवर होते.

पुढं तीन-चार वर्षांनी मालकांना खोकला आला. चांद्याला नेलं तेव्हा दवाखान्यात नवा डॉक्टर होता, तरुण. त्यानं फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "दगडाच्या कामावर होतात का कधी?"

"नाई साहेब," मालक म्हणाले. "मी जंगलातला माणूस. डेपोवर हाय."

डेपोवर कळलं तर काम जाईल, ही भीती मला समजत होती. पण मी म्हटलं, "होते साहेब. खाणीत. ड्रिलवर."

मालकांनी माझ्याकडं रागानं पाहिलं. डॉक्टर खुर्चीवर बसला. "मग ही धूळ आहे," तो म्हणाला. "टीबी नाही. कोणाला लागत नाही हे. पण आत बसली ती बाहेरही निघत नाही." पुन्हा धुळीत काम करू नका, वजन उचलू नका, असं त्यानं सांगितलं. मी भासऱ्यांचं विचारलं. त्यांचा फोटो पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणाला, पण एकाच जागी काम केलं असेल तर तेच असावं.

घरी येऊन मी जावेला सांगितलं. ती तांदळातले खडे काढत होती. बराच वेळ तिचं बोट थाळीत फिरत राहिलं.

"म्हणजे लागत नव्हतं कोणाले," ती म्हणाली.

"नाई."

"पोरीले नको सांगू."

दिवाळीला पोरगी आली. दोन लेकरं, तिसरं पोटात. नवऱ्याला आता डोळ्यांनी दिसेनासं झालेलं, तीच शेत पाहत होती. काकांचं काय म्हणाला डॉक्टर, असं तिनंच विचारलं, आणि मला खोटं बोलता आलं नाही. मी सांगितलं. ती लहान्याला पाजत होती. तिनं मान वर केली नाही.

"मले माहीत होतं काकू," ती म्हणाली. "बाबा ताटात उरवायचे ते मी खायाची. आई कामावर गेली का रोज. मले कुठी काय झालं?"

"मग बोलली काऊन नाई?"

"कोणाले बोलू? वरोऱ्याच्या पाहुण्याले?"

तिनं लेकराला खांद्यावर घेतलं आणि उठली. जायच्या दिवशी गाडी दारात आली. जावेनं बांधून दिलेलं धानाचं पोतं पडवीत होतं. मालक ते उचलायला पुढं झाले, पोत्याचे कान धरले, गुडघ्यापर्यंत उचललं आणि तिथंच थांबले. पोरगी गाडीवरून उतरली. तिनं त्यांच्या हातातून पोतं घेतलं, पाठीवर टाकलं आणि गाडीत नेऊन ठेवलं.